भिंतीतलं मोहोळ न मारता कसं काढायचं? (इंदूर, जुनं घर)

रामबागवाली :
नमस्कार मंडळी. आमचं रामबागेतलं घर जुनं, भिंती जाड, वर सागवानी तुळया. मधल्या खोलीत एक मोठा कोनाडा होता, तो कधीतरी फळी ठोकून, वरून प्लास्टर करून बंद केलेला. बाहेरच्या अंगाला, खिडकीच्या वर, जुन्या टेलिफोनच्या वायरीचं भोक तसंच राहिलंय. दिवाळीच्या सुमारास तिथून मधमाश्यांची ये-जा सुरू झाली. आता रंगपंचमी होऊन गेली, तर दुपारी त्या भोकापाशी नुसती झुंबड असते. रात्री भिंतीला कान लावला की आतून सलग गुणगुण ऐकू येते.

त्या खोलीत सासूबाई झोपतात, लेकही दिवसभर तिथेच खेळते. अजून कुणाला चावल्या नाहीत. शेजारचे काका म्हणतात, संध्याकाळी भोकात रॉकेल ओता आणि सिमेंटने बुजवून टाका. मिस्त्री तयारच बसलाय. सासूबाईंचं अगदी उलट. आपणहून घरात आलेलं मोहोळ, त्याला हात लावायचा नाही म्हणतात. मला माश्या मारायच्या नाहीत आणि भिंतीत ठेवायच्याही नाहीत. कुणी असं मोहोळ जिवंत काढून दिलेलं पाहिलंय का? कुणाला बोलवायचं, भिंत कुठून फोडायची, काहीच कळत नाही.

पिंपळपार :
ताई, बाकी काहीही करा, पण भोक बुजवू नका. बाहेरचा रस्ता बंद झाला की माश्या दुसरा शोधतात, आणि तो बहुतेक वेळा घराच्या आत निघतो. स्विचबोर्डाच्या फटीतून, तुळईच्या बाजूने, पंख्याच्या हुकाजवळून. रात्री दिवा लावलात की सगळ्या दिव्याकडे येतील, आणि ज्या खोलीत येतील तिथे सासूबाई झोपलेल्या असतील.

दांडियाबाजार :
बडोद्याहून लिहितोय. आमच्या इमारतीत जिन्याच्या भिंतीत असंच मोहोळ होतं. सोसायटीने एका पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं, त्याने भोकात औषध मारलं, पैसे घेतले आणि गेला. माश्या मेल्या, सगळ्यांना बरं वाटलं. नंतर उन्हाळा चढला आणि भिंतीतून मध झिरपायला लागला. रंगावर तपकिरी ओघळ, खाली मुंग्यांची रांग, मग झुरळं, मग सडलेल्या अळ्यांची घाण. जिन्यातून जाताना नाकाला रुमाल लावावा लागायचा. शेवटी भिंत फोडावीच लागली, म्हणजे जे आधी करायचं ते नंतर केलं, दुप्पट खर्चाने. रंग तर तीनदा काढला तरी डाग वर येतो.

व्यवहारी माणूस :
मला एक कळत नाही. घरात लहान मूल आहे, वयस्क माणूस आहे. चार किडे वाचवण्यासाठी भिंत फोडायची? आधी माणसांचा विचार करा. औषध मारा, भिंत उघडा, साफ करा, संपलं.

मधपेटी :
रामबागवाली ताई, आधी माशी ओळखू. भोकाजवळ येणारी माशी आखूड, काळसर, पोटावर पिवळट पट्टे, आणि काहींच्या मागच्या पायांवर पिवळे-नारिंगी गोळे दिसतात का? ते गोळे म्हणजे परागकण. ते दिसले तर आत अळ्या आहेत, मोहोळ चांगलं नांदतंय. कंबर अगदी बारीक, पाय लोंबणारे, रंग गडद पिवळा असेल तर ती गांधीलमाशी, तिचा मामला वेगळा.

मी महूकडे पेट्या ठेवतो, प्रशिक्षण पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत झालं (ही संस्था १९६२ पासून आहे). भिंतींतली मोहोळं काढली आहेत. तुमचं उत्तर आलं की सविस्तर लिहितो.

रामबागवाली :
दादा, आत्ताच बघून आले. काळसर, लहान, पट्टे आहेत. आणि हो, पायाला पिवळे गोळे लावून येतायत, पुष्कळ जणी.

मधपेटी :
मग ही सातेरी. आपली देशी मधमाशी, झाडाची ढोली, खडकातली पोकळी, भिंत, जुना हौद, असा बंद अंधारा कोपरा तिला लागतो. आत ती एक नाही, एकमेकींना समांतर बरीच पोळी बांधते. तुमचा बंद कोनाडा म्हणजे तिच्यासाठी तयार पेटीच झाली.

आता व्यवहारी भाऊंना आधी उत्तर देतो, कारण प्रश्न रास्त आहे. माणसं आधी, याबद्दल वादच नाही. पण औषध मारून माणसं जास्त सुरक्षित होतात हे मला मान्य नाही. भिंतीत फक्त माश्या नसतात. मध असतो, मेण असतं, हजारो अळ्या आणि कोश असतात. माश्या जिवंत असतात तोवर त्या हे सगळं सांभाळतात. अळ्यांच्या भागात त्या ३४-३५ अंश तापमान राखतात. बाहेर उकडलं की पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालून आतली हवा थंड करतात. त्या मेल्या की हे काम थांबतं. मेण वितळायला साठ अंशांच्या वर लागतात, पण चाळिशी ओलांडली की ते इतकं मऊ पडतं की मधाने जड झालेली पोळी आपल्याच वजनाने कोसळतात. इंदुरात वैशाखात पारा कुठे असतो ते तुम्हाला माहीतच आहे. बडोद्याच्या भाऊंच्या जिन्यात हेच झालं. शिवाय तो मध आता विषारी. आजूबाजूच्या मोहोळांच्या माश्या तो लुटायला येतात आणि विष घेऊन घरी जातात. चार किड्यांवर भागत नाही.

आणि एक. तुम्हीच म्हणालात, औषध मारा, मग भिंत उघडा. भिंत उघडायचीच आहे तर औषध कशाला? उघडणं हेच खरं काम आहे. माश्या काढणं त्यातला सोपा भाग. पोळी पूर्ण काढणं आणि पोकळी बुजवणं हे नीट झालं नाही, तर मेणाच्या वासावर पुढच्या हंगामात दुसरं मोहोळ त्याच जागी येतं.

ताई, तुमच्या बाबतीत कोनाडा आहे ही मोठी सोय. बाहेरची भिंत फोडायची गरज नाही, आतून फळी काढायची. कसं करायचं ते सांगतो.

आधी जागा नक्की करा. पहाटे गार असताना भिंतीवर तळहात फिरवा, जिथे अळ्या आहेत तिथे प्लास्टर कोमट लागतं. डॉक्टरचा स्टेथोस्कोप मिळाला तर आवाजावरून पोळी कुठवर गेलीत तेही समजतं. खडूने खूण करून ठेवा.

दिवस मोकळा, उन्हाचा घ्या, सकाळी उशिरा सुरू करा. त्या वेळी बऱ्याच मोठ्या माश्या चरायला बाहेर असतात. खोलीतलं सामान हलवा, बाकीची दारं लावून फटींत जुने कपडे कोंबा, एकच खिडकी उघडी ठेवा, बाकीच्यांवर जाड पडदे. पंखा बंद. वर दिवा लावू नका. बघायला लागलंच तर बॅटरीवर लाल जिलेटिनचा कागद बांधा, माशीला लाल रंग दिसत नाही.

धूर थोडा आणि गार हवा. गोणपाट, शेणीचा तुकडा, नारळाच्या शेंड्या, एवढ्यावर काम होतं. धुराने दोन गोष्टी होतात. माश्या मध पिऊन घेतात आणि मंद होतात. आणि एक माशी चावली की तिथे जो इशाऱ्याचा वास सुटतो, तो धुरात दबतो. तो वास पिकलेल्या केळ्यासारखा असतो. काम करताना असा वास आला की थांबायचं, धूर द्यायचा, मग पुढे. टेंभा, पेटतं कापड, रॉकेल यातलं काहीही जवळ नको. तुमच्या वर सागवानी तुळया आहेत.

फळी हळू काढा, पोळी तिला चिकटलेली असू शकतात. मग एकेक पोळं वरून सुरीने कापायचं. अळ्या आणि कोशांची पोळी लाकडी चौकटीत सुतळीने किंवा रबराने बांधायची. वरची बाजू वरच राहिली पाहिजे, कारण घरं किंचित वर कललेली असतात. उलटं बांधलं तर सगळं बिघडतं. मधाची पोळी चौकटीत बांधू नका. जड असतात, फाटतात, मध सांडतो आणि त्यात माश्या बुडतात. ती झाकणाच्या डब्यात.

राणी सापडली तर उत्तम. रंग गडद, पोट लांब, त्यामुळे पंख आखूड वाटतात, आणि पळते. जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात ठेवून ती पेटीत टांगायची. नाही सापडली तर माश्यांचा जो दाट घोळका असतो तो अख्खा ओंजळीने, मऊ ब्रशने पेटीत ढकलायचा, राणी बहुधा त्यातच असते. ती आत गेली की नाही हे पाच-दहा मिनिटांत कळतं. पेटीच्या दारात माश्या रांगेने उभ्या राहतात, शेपटाकडचा भाग वर उचलतात आणि पंख फडफडवतात. या, घर इथे आहे, असा तो वास पसरवणं असतं. हे दिसलं की काम झालं समजा.

पेटी अंधार पडेपर्यंत तिथेच, जुन्या भोकाच्या जवळात जवळ ठेवायची. बाहेर गेलेल्या माश्या परतल्या पाहिजेत. मग दाराला जाळी लावून रात्रीच हलवायची, आणि लांब. अंगणात दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली तर सकाळी सगळ्या पुन्हा तुमच्या खिडकीवर. तीन-चार किलोमीटर तरी गेली पाहिजे.

घरच्यांनी हे स्वतः करू नये. माणूस मी देतो, नाहीतर कस्तूरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, पेट्या ठेवणारे शेतकरी त्यांना माहीत असतात.

पिंपळपार :
दादा, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. एक शंका. आमच्या सुदामानगरच्या घरी पाण्याच्या टाकीखाली एकच भलं मोठं पोळं लोंबतंय, सगळं उघड्यावर. तेही असंच काढता येईल?

मधपेटी :
नाही! ते आग्या मोहोळ. त्याला हात लावू नका, दगड मारू नका, खाली धूर करू नका, टाकीवर माणूस चढवू नका. आग्या माशी पेटीत राहत नाही आणि चिडली तर लांबपर्यंत पाठलाग करते. मात्र ती स्थलांतर करणारी आहे. फुलोरा संपला की पोळं सोडून जाते. रिकामं झाल्यावर मेण खरवडून टाका. जायची वाट बघणं शक्यच नसेल, शाळा किंवा दवाखाना असेल, तरच रात्री अनुभवी माणसाकडून काढायचं. भिंतीतल्या सातेरीचे नियम त्याला लावू नका.

कंपू लष्कर :
ग्वाल्हेरहून. आमच्याकडे अडचण वेगळी आहे. घर दगडी, मोहोळ दोन चिऱ्यांच्या मधल्या पोकळीत, दर्शनी भिंतीत. वर नक्षीची दगडी चौकट. फोडायचा प्रश्नच नाही, आजोबांच्या वेळचं काम आहे. माशीही ताईंच्या वर्णनापेक्षा मोठी आणि पिवळी वाटते.

मधपेटी :
मोठी पिवळी म्हणजे मेलिफेरा असण्याची शक्यता आहे, युरोपातून आणलेली. मोरेना-ग्वाल्हेर पट्ट्यात मोहरीच्या फुलोऱ्यात हजारो पेट्या लागतात, त्यातला एखादा थवा सुटून तुमच्या भिंतीत आला असेल.

फोडता येत नसेल तर जाळीच्या नरसाळ्याचा उपाय आहे. बारीक तारेच्या जाळीचं हातभर लांब नरसाळं करायचं, रुंद तोंड भोकावर घट्ट बसवायचं, निमुळतं टोक बाहेर, एक माशी निघेल एवढंच. बाकी सगळ्या फटी बंद. माश्या बाहेर येतात, परतताना त्यांना ते टोक सापडत नाही. शेजारी पेटी ठेवायची, तिच्यात दुसऱ्या मोहोळातलं अंडी-अळ्यांचं एक पोळं. हळूहळू त्या पेटीत जातात आणि अंड्यांवरून नवी राणी करतात.

पण दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. याला महिना-दीड महिना लागतो, कारण आतल्या अंड्यांची माशी होऊन बाहेर यायला तीन आठवडे जातात. आणि राणी सहसा आतच राहते, मधही आतच. म्हणून ये-जा थांबली की नरसाळं काढून पेटीतल्या माश्यांना तो मध उचलू द्यायचा, आणि मगच चुन्याने फट भरायची. मध आत ठेवून भरलीत तर बडोद्याची गोष्ट ग्वाल्हेरात होईल. तुमच्याकडे राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठ आहे, तिथल्या कीटकशास्त्र विभागात एकदा जाऊन या.

दवाखान्यातली :
मी रुग्णालयात काम करते, म्हणून थोडं. ज्या दिवशी मोहोळ काढणार त्या दिवशी आजी आणि मुलगी दुसऱ्या घरी हव्यात. पूर्वी माशी चावल्यावर ज्यांच्या अंगभर गांधी उठल्या होत्या किंवा दम लागला होता, त्यांनीही थांबू नये.

चावली तर काटा लगेच काढा. नखाने, कार्डाच्या कडेने, कशानेही. चिमटा शोधत बसू नका, कारण काट्याला विषाची पिशवी जोडलेली असते आणि बहुतेक विष पहिल्या अर्ध्या मिनिटात आत जातं. मग बर्फ. चावल्या जागेची सूज, ठणका, खाज हे नेहमीचं. पण ओठ-जीभ सुजणं, घसा आवळणं, श्वासाला घरघर, चक्कर, उलटी, यातलं काही दिसलं तर घरी गोळी देऊन वाट बघायची नाही, थेट मोठ्या रुग्णालयात. अशा वेळी ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन लागतं. लहान मुलाला एकाच वेळी खूप माश्या चावल्या असतील तर ॲलर्जी नसली तरी दाखवाच.

व्यवहारी माणूस :
मधपेटी, पटलं. भिंत उघडायचीच असेल तर औषधाचा काही उपयोग नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. खर्च किती येतो हेही ताईंना सांगा.

मधपेटी :
मी माश्या घेऊन जातो, त्याचे पैसे घेत नाही. मोहोळ हीच माझी कमाई. येण्याजाण्याचं आणि मिस्त्रीचं घरमालकाकडे. काही जण मजुरी घेतात, त्यात गैर काही नाही, दिवसभराचं काम आहे. मात्र कुणी ‘मध माझा, माश्यांचं तुमचं तुम्ही बघा’ म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

रामबागवाली :
मंडळी, काम झालं. सविस्तर लिहिते, कारण पुढे कुणाला तरी लागेल.

मधपेटी दादा आणि त्यांचा जोडीदार आले. सासूबाई आणि लेक पलसीकर कॉलनीत नणंदेकडे गेल्या होत्या. जाण्याआधी सासूबाईंनी दादांना विचारलं, नेताय ते कुठे ठेवणार? कांद्याच्या बियाण्याच्या शेताजवळ, असं त्यांनी सांगितलं, कांद्याला बी धरायला माश्या लागतात म्हणाले. त्यावर सासूबाई म्हणाल्या, मग न्या.

मी जाळीचा बुरखा घालून दाराच्या काचेतून आणि नंतर थोडा वेळ आतून पाहिलं. प्लास्टर फोडलं, फळीचे खिळे काढले, आणि फळी बाजूला झाली तेव्हा कोनाडा वरपासून खालपर्यंत भरलेला. सहा पोळी, पडद्यांसारखी शेजारी शेजारी, मध्ये बोटभर अंतर. कडेची नवी, पांढरट पिवळी. मधली जुनी, चॉकलेटी. त्यांच्यावर माश्यांचा थर हलत होता, पण कुणी अंगावर आलं नाही. दादांनी एक पोळं उजेडाकडे धरून दाखवलं. वर मधाची झाकलेली पट्टी, खाली परागाचे रंगीत ठिपके, पिवळे, नारिंगी, एक तर जांभळट, आणि मध्ये पांढऱ्या अळ्या, प्रत्येक घरात एक, गोल वळून बसलेली. प्लास्टर आणि दोन इंच फळीपलीकडे हे सगळं चालू होतं आणि आम्ही अलीकडे टीव्ही बघत होतो.

राणी तिसऱ्या पोळ्यावर सापडली. पेटीत गेली आणि दारातल्या माश्यांनी खरंच पोट वर करून पंख फडफडवायला सुरुवात केली. मग जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. भिंतीवर, पडद्यावर, कोनाड्याच्या कडेला बसलेल्या माश्या पायी चालत पेटीकडे निघाल्या. हाकलावं लागलं नाही. दिवेलागणीपर्यंत बाहेरच्याही परतल्या, मग जाळी लावून पेटी गेली.

जोडीदाराला हातावर दोन चावल्या, बाकी कुणाला नाही. शेजारचे काका पूर्ण वेळ ओट्यावरून बघत होते, शेवटी मधाची वाटी त्यांनीही घेतली.

आता विचारते. कोनाडा रिकामा आहे, मेणाचे ठसे आहेत, भोक बाहेरून कागदाने बंद केलंय. काही चुकार माश्या अजून खिडकीशी घुटमळतात. पुढे काय?

मधपेटी :
चुकार माश्या दोन-चार दिवसांत थांबतील. मेण सगळं खरवडा, सुरीने, मग साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुवा, सुकलं की आतून चुना लावा. मेणाचा कण राहिला तर मेणाचे पतंग अंडी घालतात आणि वास टिकतो. कोनाडा उघडाच वापरणार असाल तर छान, पुस्तकं ठेवा. पुन्हा बंद करायचा असेल तर विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंट भरून ठोस करा, पोकळी ठेवू नका. बाहेरचं भोक आतल्या टोकापर्यंत भरा, नुसतं वरून लिंपू नका. आणि गच्चीवरच्या पाइपांची तोंडं, वापरात नसलेले झरोके यांना स्टीलची बारीक जाळी लावा, भोक तीन मिलिमीटरहून मोठं नको. माघ-फाल्गुनात थवे फिरतात, त्याआधी एक चक्कर मारून बघत जा.

डब्यातला मध गाळून लवकर संपवा. त्यातला काही न झाकलेल्या घरांतला आहे, त्यात पाणी जास्त असतं, आंबतो. एक वर्षाच्या आतलं बाळ घरात असेल तर त्याला मात्र मध अजिबात नको.

कंपू लष्कर :
दादा, विद्यापीठात जाऊन आलो. मेलिफेराच निघाली. नरसाळ्याची जाळी बाजारात ॲल्युमिनियमची मिळतेय आणि लोखंडीही. कुठली घेऊ?

मधपेटी :
लोखंडी घ्या, आकार धरून राहते. कडा आत दुमडा, नाहीतर माश्यांचे पंख अडकतात. आणि टोक थोडं वर वळवा, सरळ ठेवलं तर परतणाऱ्या माश्यांना ते लवकर सापडतं.